घरातला मोबाईल आणि मुलांचे इंग्रजी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात जाम येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर झालेले भाषण)



 आपल्या जामच्या चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता फुटतो. देशभरच्या गाड्या येथे थांबतात. आपल्यापैकी अनेकांची रोजी-रोटी या रस्त्यावर आहे. गॅरेजमधल्या सुट्या भागांच्या खोक्यावर इंग्रजी, औषधाच्या बाटलीवर इंग्रजी, बँकेच्या कागदावर इंग्रजी. त्यामुळे जो पालक भेटतो तो एकच प्रश्न विचारतो. मुलाला इंग्रजी यावे म्हणून कर्ज काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालू का?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मला माझी एक कबुली दिली पाहिजे. मी अनेक वर्षे इंग्रजी शिकविले. माझ्या वर्गातील मुले व्याकरणाचे नियम घडाघडा म्हणत, फळ्यावरचे निबंध पाठ करीत आणि दहावी पासही होत. त्यांपैकी एक जण बऱ्याच वर्षांनी याच चौरस्त्यावर भेटला. त्याने अदबीने सांगितले की, सर, इंग्रजीत मला चांगले गुण होते, पण कुणी इंग्रजीत चार शब्द विचारले की आजही माझ्या तोंडाला कुलूप लागते. त्या रात्री मी विचार केला. वर्षभरात मी त्या मुलाला किती वेळा बोलू दिले होते? बोलत होतो तो मीच. मुले लिहून घेत होती. दोष मुलांचा नव्हता, माझ्या पद्धतीचा होता.

भाषा आधी कानाने येते, मग जिभेने, आणि त्यानंतर डोळ्याने व हाताने. मूल अम्मीची बोली अशीच शिकते. आम्ही शाळेत हा क्रम उलटा केला. सन २००० पासून राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. पूर्वी ते पाचवीत सुरू होई. वर्षे वाढली, परंतु इंग्रजी कानावर पडणे आणि तोंडातून निघणे त्या प्रमाणात वाढले नाही. आपल्या मुलांची अडचण तर दुहेरी आहे. घरात उर्दू किंवा हिंदी, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि मग इंग्रजी. उर्दू शाळेतील मूल उजवीकडून डावीकडे लिहिते आणि इंग्रजीच्या तासाला त्याला डावीकडून उजवीकडे वळावे लागते. त्याने लहान बी आणि लहान डी यांची अदलाबदल केली, तर त्याला मंद म्हणू नका. ते मूल दोन दिशांचा प्रवास करीत आहे.

ही उणीव भरून काढण्याचे साधन आज घरोघरी आले आहे, ते म्हणजे मोबाईल. त्यात फुकट मिळणाऱ्या चार गोष्टींची मी माहिती देतो.

पहिली, 'स्टोरीवीव्हर'. 'प्रथम बुक्स' या संस्थेने हे गोष्टींचे भांडार २०१५ मध्ये खुले केले. त्यात सोप्यापासून अवघड अशा चार पायऱ्यांची सचित्र पुस्तके आहेत. अनेक गोष्टी इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत मिळतात. त्या उतरवून घेता येतात आणि छापताही येतात.

दुसरी, मोठ्याने वाचून घेणारी साधने. गूगलने २०१९ मध्ये असे एक साधन भारतात 'बोलो' या नावाने आणले. पुढे त्याचे नाव 'रीड अलाँग' झाले. अशा साधनात मूल वाचते आणि यंत्र ऐकते. शब्द अडला की त्यावर बोट ठेवावे, म्हणजे उच्चार ऐकू येतो. चुकले म्हणून हसणारे तेथे कोणी नसते. लाजाळू मुलाला याचा फार आधार होतो.

तिसरी, ब्रिटिश कौन्सिलचे 'लर्नइंग्लिश किड्स'. तेथे लहान मुलांची गाणी, गोष्टी आणि खेळ आहेत.

चौथी, आपली बालभारतीची पुस्तके व 'दीक्षा'. पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. पाठ्यपुस्तकात चौकोनी ठिपक्यांचा जो क्यूआर कोड असतो, तो मोबाईलने टिपला की त्या पाठाचे साहित्य 'दीक्षा'वर उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडून मुलांना कविता ऐकविल्या, चित्रफिती दाखविल्या. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. शाळा लहान होती, गाव लहान होते. शिक्षकाचे मन मोठे होते.

आता पालक म्हणतील, आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकविणार? बंधू-भगिनींनो, येथे आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. नई तालीमच्या त्या योजनेचा एक पाया असा होता की शिक्षण मातृभाषेतून व्हावे. मी यातून एवढेच घेतो की मातृभाषा ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड नाही, ती पायरी आहे. म्हणून अम्मीने गोष्ट आधी उर्दूत किंवा मराठीत वाचावी. मुलाला ती समजली की तीच गोष्ट त्याने इंग्रजीत ऐकावी, मग स्वतः मोठ्याने वाचावी. शेवटी त्याने चित्रावर बोट ठेवून अम्मीला इंग्रजीत सांगावे. अम्मीने फक्त ऐकायचे. याला वीस मिनिटे पुरतात. मात्र ती रोज हवीत.

एका ट्रकचालक गृहस्थांची लहान मुलगी रोज एक पान वाचून मोबाईलवर आपला आवाज भरते आणि अब्बांना पाठविते. ते मुक्कामाच्या ढाब्यावर तो ऐकतात. त्यांना इंग्रजी येत नाही. पण मुलगी कालच्यापेक्षा आज कमी अडखळली, एवढे त्यांना बरोबर कळते, आणि तसे ते तिला कळवितात. त्या मुलीला याहून मोठे बक्षीस कोणते?

मुलीवरून एक कडू गोष्ट बोलतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कित्येक घरांत मोबाईल एकच होता. तो आधी कुणाच्या हातात गेला, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते आठवावे. मुलगा अभ्यासाला आणि मुलगी भांड्याला, असे घडले असेल तर ती चूक आता सुधारली पाहिजे. मुलीच्या हातात मोबाईल नको, अशी भीती मी समजू शकतो. पण त्यावर उपाय आहे. मोबाईल घराच्या मधल्या खोलीत, मोठ्यांच्या समोर, ठरलेल्या वेळी द्यावा, आणि मुलाला व मुलीला नियम एकच असावा. आज वाचायला शिकलेली मुलगी उद्याची शिकलेली आई आहे.

सावधगिरीचेही सांगतो. फुकट म्हणजे अगदी बिनखर्ची नव्हे. रिचार्जला पैसे लागतात आणि जाहिराती मुलाला भलतीकडे नेतात. म्हणून गोष्टी एकदाच उतरवून ठेवाव्यात आणि वाचताना नेट बंद करावे. मुलाचे नाव, फोटो, पत्ता कोठेही भरू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एका तासाहून जास्त बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. कमी असेल तितके चांगले, असेही ती म्हणते. आणि विद्यार्थी मित्रांनो, भाषांतर करून देणारी, निबंध लिहून देणारी यंत्रे आता आली आहेत. त्यांच्याकडून उतरवलेला निबंध वही भरतो, डोके रिकामेच ठेवतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. कर्ज काढू नका. मूल ज्या शाळेत आहे तेथे नियमित पाठवा आणि घरी रोज वीस मिनिटे द्या. संस्थेला माझी विनंती आहे की शंभर गोष्टी छापून एक पेटी करावी, म्हणजे ज्या घरी मोबाईल नाही तेथेही पुस्तक जाईल, आणि रविवारी एक तास मुलांना मोठ्याने वाचण्यासाठी शाळेची खोली उघडावी. त्या तासाला मी स्वतः येईन. यावेळी मात्र बोलतील ती मुले, मी ऐकेन.

आपल्या दीनमधील पहिली वही 'वाच' या हुकमाने सुरू झाली, हे आपण सर्व जाणता. तो हुकूम मुलांना आहे, तसाच मुलींनाही आहे. अल्लाह आपल्या लेकरांच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज. जय हिंद.