‘त्याने कबूल केले’, एवढ्यावर थांबू नका

मढच्या बचत गटांच्या वतीने आज आम्ही कायद्यातली एक गोष्ट सांगणार आहोत. ‘पोलिसांपुढे गुन्हा कबूल केला’ अशी बातमी आली, की मासळी निवडता निवडता आपण निकाल लावून मोकळ्या होतो. न्यायालय मात्र तीन प्रश्न विचारते. कबुली कोणासमोर दिली? स्वखुशीने दिली का? तिला दुसरा आधार काय?

पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात होता, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्येही आहे. समजा, कोठडीतला माणूस म्हणाला, ‘मी पाटल्या चोरल्या आणि वडाखाली पुरल्या.’ पाटल्या तिथे सापडल्या, तर ‘वडाखाली पुरल्या’ एवढेच चालते. ‘मी चोरल्या’ हे चालत नाही.

खरी कबुली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर होते. कबुली देण्याचे बंधन नाही आणि दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे त्यांनी आधी सांगावे लागते. माणूस ‘नको’ म्हणाला, तर त्यासाठी त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८चा हल्ला आठवा. हल्लेखोर समुद्रातून आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. कसाबने फेब्रुवारी २००९मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली. त्याआधी त्याला विचार करायला वेळ दिला होता. पुढे तो त्या कबुलीवरून फिरला. पण न्यायालयाकडे साक्षीदार होते, छायाचित्रे होती, ‘कुबेर’ नौकेवरची जीपीएस यंत्रणा होती, फोनवरची संभाषणे होती. म्हणून खटला कबुलीवर लटकून राहिला नाही.

आता दुसरा खटला. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी आपल्याच पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवलीही त्यात होती. १८०हून अधिक माणसे गेली. हा खटला मोक्का कायद्याखाली चालला. या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुलीही चालू शकते. २०१५मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यांपैकी पाच जणांना फाशीची. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले काही भाग सारखेच आढळले आणि मारहाण करून ते घेतल्याचे न्यायालयाला पटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

यात नुकसान कोणाचे? आत गेलेल्यांची वर्षे गेली. आणि ज्यांच्या घरचा माणूस संध्याकाळी परतला नाही, त्यांना एकोणीस वर्षांनंतरही पक्के उत्तर मिळाले नाही. मारून घेतलेली कबुली दोन्ही घरांना बुडवते.

म्हणून गटातल्या कोणाच्या मुलाला पोलिसांनी नेले, तर ‘कबूल करून टाक, सुटशील’ असे त्याला सांगू नका. कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका. अटकेनंतर चोवीस तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेले पाहिजे. मारहाण झाली असेल, तर ती तिथेच सांगायची. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा.