हाताचे शिक्षण

(हीरकमहोत्सवी सोहळ्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



मी हाताने लाकडी सामान घडवतो. इतके अधिकारी, डॉक्टर आणि प्राध्यापक बोलून गेल्यावर एका सुतारालाही येथे उभे केल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे.

मी घडवलेले पहिले मेज शिसमाचे होते. वरच्या फळ्या सरसाने जोडून मी त्या चौकटीला खिळ्यांनी घट्ट ठोकल्या. मे महिन्याच्या उष्ण वाऱ्यांत ते मेज मधोमध तडकले. कीर्तिनगरच्या बाजारात काम करणारे सहारनपूरचे एक वृद्ध कारागीर ते पाहून म्हणाले, "लाकूड कापले तरी त्याचा श्वास चालूच असतो." दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात फळी रुंदीत आकसते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून जाणता कारागीर चौकटीच्या आत खाच पाडून तीत लाकडाचे लहान ठोकळे सरकते ठेवतो. ते फळीला धरून ठेवतात, जखडत नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांतून 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' चळवळ उभी राहिली. योजणारे डोके आणि राबणारा हात यांची फारकत वस्तूला आणि माणसालाही मारक आहे, हे तिचे सूत्र. सांधा लपवू नये, लाकूड लाकूडच दिसावे, हा तिचा आग्रह. त्याच संस्कारात घडलेल्या लट्यन्स यांनी आजच्या राष्ट्रपती भवनासाठी फर्निचरचेही आराखडे केले. रस्किनचे पुस्तक गांधीजींनी 1904 साली वाचले आणि त्यांचे जीवन पालटले. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात सुतारकामही होते. तेच झाकीर हुसेन 1967 साली राष्ट्रपती होऊन लट्यन्सच्या त्या वास्तूत राहावयास आले.

आपल्याकडे मात्र ही फारकत यंत्रांपेक्षा जुनी आहे. बलुतेदारीतला सुतार गावाचे नांगर आणि गाड्या घडवी, पण त्याच्या मुलापर्यंत लेखणी पोचत नसे. ज्यांच्या घरी लेखणी होती, त्यांना रंधा धरणे कमीपणाचे वाटे. मी नोकरी सोडली तेव्हा वडील दोन वर्षे माझ्याशी मोजकेच बोलले. पुढे मी केलेल्या खुर्चीत बसून ते रोज वृत्तपत्र वाचीत. कौतुक त्यांनी कधी केले नाही, परंतु दुसऱ्या खुर्चीत ते कधी बसलेही नाहीत.

माझ्या गुरूंचा मुलगा या कामात आला नाही. "कसब आहे, पण मान नाही," असे तो मला म्हणाला. त्याला देण्यासाठी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर आपल्या सर्वांना मिळून द्यावयाचे आहे.

पालकहो, आपल्या पाल्याने सुतार व्हावे, असे मी म्हणत नाही. परंतु एकदा तरी त्याने स्वतःच्या हाताने कुसू तासावे, ते खाचेत सैल बसले म्हणजे पुन्हा तासावे. खोटे चालत नाही, हे लाकूड न रागावता शिकवते. शाळेने एक खोली आणि दोन बाके द्यावीत. दर शनिवारी मी हत्यारे घेऊन येईन.