स्पिनरला तडा गेला, आता काय? घरी बांधलेल्या विमानाच्या नाकाची गोष्ट

नागपुरातून पुन्हा एकदा तुमच्या इयरफोनमध्ये. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, मधले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कमी केलेत.

आजचा विषय छोटा आहे. खरंच छोटा, एका टोपीएवढा. विमानाच्या पंख्याच्या मध्यावर, अगदी नाकावर, जी निमुळती टोपी असते तिला स्पिनर म्हणतात. घरी बांधलेल्या विमानांत या स्पिनरला तडे जातात. ते का जातात, जाऊ नयेत म्हणून काय करायचं, आणि गेलेच तर दुरुस्त करायचे की टोपी सरळ भंगारात टाकायची, एवढंच आज बोलायचंय.

आता कुणीतरी म्हणेल, "काहून भाऊ, आपल्याकडे घरी विमान कोण बांधून राहिलं?" तर बांधलंय. आपल्याच महाराष्ट्रात. कॅप्टन अमोल यादव, जेट एअरवेजमध्ये पायलट होते. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. गच्चीवर! फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली, क्रमांक व्हीटी-एनएमडी. पुढे धुळ्याच्या विमानतळावर त्याच्या चाचण्या झाल्या.

हे उदाहरण एका कारणासाठी घेतलं. कंपनीच्या विमानाला तडा गेला तर काय करायचं हे कंपनीचं मॅन्युअल सांगतं आणि लायसन्सवाला इंजिनिअर सही करतो. मॅन्युअल म्हणालं बदला, तर बदलायचं, विषय संपला. घरी बांधलेल्या विमानात कंपनी तुम्हीच. "एवढ्याने काही होत नाही" असं म्हणायचा मोह होणारे तुम्ही, आणि त्या विमानात बसणारेही तुम्हीच. म्हणून ही छोटी टोपी मोठा विषय आहे.

आधी आकडे

स्पिनर दिसतो शोभेचा. काम दोन: हवा हबभोवतून नीट वळवायची आणि इंजिनच्या थंडाव्याकडे पाठवायची. त्याचे भाग तीन. पुढची टोपी, मागची चकती म्हणजे बॅकप्लेट, आणि बऱ्याच रचनांत टोपीला आतून पुढे आधार देणारी आणखी एक लहान चकती. टोपी बॅकप्लेटला कडेने स्क्रूंनी बसवलेली असते.

आता गणित करू. छोट्या विमानाचं नेहमीचं चार सिलिंडरचं इंजिन पंख्याला २७०० आरपीएमने फिरवतं, म्हणजे सेकंदाला ४५ फेरे. १३ इंची स्पिनर धरा, त्रिज्या साधारण साडेसोळा सेंटिमीटर. त्याच्या कडेला बसलेल्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३०० पट जोर पडतो. एक ग्रॅमचा वॉशर तिथे सव्वा किलोपेक्षा जास्त जोराने बाहेर ओढला जातो. दहा ग्रॅम पुट्टी एका बाजूला जास्त लावलीत, तर ती १३ किलो होते आणि प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलत राहते.

दुसरं गणित. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन धमाके होतात. तासाला ३ लाख २४ हजार धक्के. शंभर तास उडालात तर ३ कोटी २४ लाख. आणि ॲल्युमिनियमची एक खोड आहे. ताण अमुकच्या खाली ठेवला की ते कधीच थकणार नाही, अशी पोलादासारखी खात्रीची रेषा त्याला नाही. छोटा ताण, पण कोट्यवधी वेळा, की ते थकतं. यालाच फटीग म्हणतात.

तडा कुठून सुरू होतो

तडा कधी सपाट, मोकळ्या जागी सुरू होत नाही. तो भोकाच्या कडेला, कापाच्या कोपऱ्यात किंवा ओरखड्याच्या तळाशी सुरू होतो. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं, की भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो. हे १८९८ पासून गणिताने माहीत आहे. कोपरा टोकदार असेल तर त्याहून वाढतो. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, तेव्हाच्या तपासातही धागा इथेच पोचला: केबिनला पाडलेल्या खिडक्यांसारख्या कापांच्या कोपऱ्यांपाशी फटीग.

तुमच्या बाईकचा व्हायझर आठवा. चिरतो कुठून? स्क्रूपासून. तेच इथे.

स्पिनरमध्ये नेहमीचे गुन्हेगार असे.

एक, न जुळणारी भोकं. टोपीचं भोक आणि बॅकप्लेटचं भोक एक मिलिमीटरने चुकलंय, तरी स्क्रू ताणून बसवला. आता विमान उभं असतानाही टोपी ताणातच आहे.

दोन, पात्यांसाठी केलेला काप. कोपरे टोकदार ठेवले, कडा कानस मारून गुळगुळीत केल्या नाहीत, किंवा पातं आणि काप यांच्यात फट इतकी कमी की पातं कडेला घासतं. पात्याचा कोन उड्डाणात बदलणारा पंखा असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोन फिरवून फट तपासावी लागते.

तीन, पुढचा आधार सैल. टोपीचं नाक आतल्या आधारावर घट्ट टेकलेलं नसेल तर ते थरथरतं आणि सगळा भार मागच्या स्क्रूंवर येतो. इथे शिम घालून बसणी नीट करायची असते. कंटाळा करून अनेक जण हीच पायरी टाळतात.

चार, पंख्याचा असमतोल. स्पिनर बिचारा निर्दोष असतो, हलवणारा पंखा असतो.

पाच, माणसं. विमान ढकलताना हात कुठे जातो? नाकावर. स्पिनर ढकलायची जागा नाही.

तडा जाऊच नये म्हणून

बसवताना सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं. डोक्याखाली योग्य वॉशर घाला, म्हणजे दाब पसरतो. भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून भोकाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर असू द्या. टोपी आणि बॅकप्लेट यांवर जुळणीची खूण करा. दर वेळी टोपी त्याच जागी बसली पाहिजे, नाहीतर केलेला समतोल वाया.

खूण मार्कर पेनने करा. पेन्सिल नको, कारण ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. अणकुचीदार सुईने तर मुळीच नको. तो ओरखडा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण.

मग डायनॅमिक बॅलन्सिंग. इंजिनवर सेन्सर लावून थरथर मोजतात. मोजमाप इंच प्रति सेकंद, आणि ०.०७ किंवा त्याखाली आलं तर काम छान झालं असं मानतात.

तपासणीला तुमच्या हातातला फोन पुरतो. पण हात लावण्याआधी एक गोष्ट: पंखा नेहमी 'जिवंत' समजा. चावी बंद असली तरी मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर पंखा हलवल्यावर इंजिन एखादा फेरा मारू शकतं. हात गेला तर परत येत नाही.

आता फोनचा टॉर्च तिरका धरा, समोरून नको. तिरक्या उजेडात चीर सावली टाकते. प्रत्येक स्क्रूपाशी मॅक्रो फोटो घ्या, तारीख आणि उड्डाणाचे तास लिहा. पुढच्या वेळी त्याच कोनातून घ्या. स्क्रूभोवती काळी-करडी पूड दिसली तर ती धूळ नाही, दोन भाग एकमेकांवर घासताहेत. टोपीचं नाक धरून हलकेच हलवून बघा. आणि ठरावीक तासांनी टोपी काढून बॅकप्लेट बघाच, विशेषतः जिथे पत्रा वळवलाय ती घडी. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि तडा नेमका तिथे असतो.

तडा गेलाच तर

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक चलाखी करतो. एरर येते, भोवती ट्राय-कॅच टाकतो, लॉग शांत, साहेब खूश. बग तिथेच असतो. तड्यावर पट्टी मारणं म्हणजे अगदी हेच. म्हणून पहिलं काम ड्रिल शोधणं नाही, कारण शोधणं. भोकं जुळत नव्हती? आधार सैल होता? पंखा थरथरतो? हे उत्तर मिळाल्याशिवाय नवा स्पिनर लावलात तरी तोही चिरेल.

दुसरं काम, निर्णय. बॅकप्लेटला तडा? बदला. एका स्क्रूपासून दुसऱ्यापर्यंत पोचलेला तडा? बदला. तीन-चार ठिकाणी तडे? बदला. आधी दुरुस्त केलेल्या जागेतूनच पुन्हा फुटला? मग विचारूच नका. दुरुस्तीचा विचार फक्त टोपीच्या कडेच्या एखाद्या छोट्या, एकट्या तड्यासाठी.

ॲल्युमिनियमची टोपी असेल तर आधी तड्याचं खरं टोक शोधा. डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे ते असतं. लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर, म्हणजे डाय पेनिट्रंटचं किट, ते दाखवून देतं. त्या टोकावर साधारण तीन मिलिमीटरचं भोक पाडतात, त्याला स्टॉप ड्रिल म्हणतात. टोकदार टोक गोल झालं की तिथला ताण उतरतो. पण हे वेळ विकत घेणं आहे, दुरुस्ती नाही. दुरुस्ती म्हणजे आतून त्याच मिश्रधातूची, निदान तेवढ्याच जाडीची पट्टी, गोल कोपऱ्यांची, रिव्हेट मारून. मग पुन्हा समतोल. मग जमिनीवर इंजिन चालवून तपासणी, पहिल्या उड्डाणानंतर परत तपासणी.

आर्गन वेल्डिंग करून आणू का? नको. उष्णतेने कडक केलेलं ॲल्युमिनियम वेल्डशेजारी मऊ पडतं. वेल्ड टिकतं, आणि नवा तडा बाजूच्या मऊ पट्टीतून निघतो.

फायबर ग्लासची टोपी असेल तर आधी ठरवा, तडा फक्त रंगाला आहे की खालच्या थरांना. रंग घासून काढा, अंधारात आतून टॉर्च लावा. थर सुटले असतील तिथे पांढुरका डाग दिसतो. नाण्याने टकटक करा. चांगल्या जागी आवाज खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. सुटलेला भाग उतरता घासून काढायचा आणि त्याच विणीच्या कापडाचे थर इपॉक्सीने चढवायचे. जुन्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर रेझिन नको, ते नीट धरत नाही.

आणि आपलं ऊन

इथे नागपूरकरांसाठी खास मुद्दा. साध्या खोलीच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी अनेकदा ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. मे महिन्यात सोनेगावला सावलीतच पारा ४५ ला जातो. उन्हातला काळा स्पिनर ७० च्या पुढे सहज जाईल. मऊ पडलेला थर स्क्रूखाली दबतो, स्क्रू सैल होतो, थरथर सुरू होते, आणि तिथून तडा. बर्ट रुटन यांच्या लाँग-ईझीसारखी फायबरची घरगुती विमानं पांढरीच रंगवतात ती हौस म्हणून नाही. म्हणून रंग पांढरा, आणि रेझिन बनवणारा सांगेल त्या तापमानाला पोस्ट-क्युअर केल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण समजू नका.

कॉलेजच्या एरो क्लबमधल्या पोरापोरींनो, हे तुम्हालाही लागू. तुमच्या आरसी विमानाचा दोन इंची प्लास्टिकचा स्पिनर १०,००० आरपीएमला फिरतो तेव्हा त्याच्या कडेवर जवळपास २८०० पट जोर असतो, खऱ्या विमानाच्या दुप्पट. तो फेविक्विकने चिकटवायची वस्तू नाही. शंभर-दोनशे रुपयांची टोपी बदला, आणि इंजिन चालू असताना पंख्याच्या रेषेत कुणीही उभं राहू नका. तुकडा सुटला तर तो त्याच रेषेत येतो.

एवढंच. तडा ही तक्रार आहे. पट्टी मारून तिचं तोंड बंद करता येतं, पण ती काय सांगते ते आधी ऐकून घ्या. पुढच्या भागात पंख्याचा समतोल घरच्या घरी कितपत करता येतो ते बघू. तुमच्या आरसी विमानाच्या, ड्रोनच्या, अगदी बाईकच्या चिरलेल्या व्हायझरचे फोटोसुद्धा पाठवा. पण तिरक्या उजेडात काढलेले. चला, भेटू!