जुन्या सायकलीचा ब्रेक आणि मुलांची कारागिरी



खेड्यातील मुलाच्या हाती येणारी पहिली सायकल बहुधा वडिलांची वा चुलत्याची वापरून जुनी झालेली असते. काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची. तिचे ब्रेक लवकर ढिले होतात, आणि दुरुस्तीचे दुकान असते तालुक्याच्या गावी. मग मुलगा स्वतःच कारागीर होतो. कोणी झिजलेल्या रबराच्या जागी चपलेच्या तळाचा तुकडा बसवतो, कोणी हरवलेल्या नटाऐवजी तार गुंडाळतो, तर कोणी लाकडाची फळी अडकवून ती पायाने टायरवर दाबण्याची युक्ती काढतो. हे दृष्टीस पडले म्हणजे शिक्षक एक तर रागावतो, नाहीतर कौतुकाने पाठ थोपटतो. रागावल्याने मूल युक्ती लपवते, आणि नुसत्या कौतुकाने ते तीच युक्ती घेऊन उतारावर जाते. युक्ती पारखून कशी घ्यावी हे त्याला दोन्हींतून कळत नाही.

आधी यंत्र समजावून द्यावे. मुठीजवळची दांडी दाबली की जोडलेल्या सळ्या वर ओढल्या जातात आणि रबराचे दोन ठोकळे चाकाच्या लोखंडी काठाला आतल्या बाजूने घासतात. ठोकळा ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतो तिचे एक तोंड बंद असते. ते बंद तोंड चाक फिरण्याच्या दिशेकडेच हवे. उलटे बसले तर ब्रेक लागताच चाक ठोकळ्याला बाहेर ओढून काढते. घरगुती दुरुस्तीत नेमके हेच पुष्कळदा उलटे होते! तारेचे तसेच. तार ताणली जाते, दांडी मुठीला टेकते आणि चाक मात्र फिरतच राहते. पुढचा ब्रेक ढिला राहून आऱ्यांत अडकला तर चाक एकदम थांबते व स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

टायरवर दाबण्याची कल्पना काही नवी नव्हे. जुन्या काळी चमच्याच्या आकाराचे ब्रेक टायरवरच दाबत असत. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. असे ब्रेक त्याला झिजवू लागले, आणि पुढे काठावर चालणारे ब्रेक रुळले. मुलास हा इतिहास सांगितला की आपली युक्ती मूर्खपणाची नव्हती, तिच्या मर्यादा मात्र आधीच कळून चुकल्या आहेत, हे त्याला उमगते.

आता पारख. सायकलीवर न बसता एक ब्रेक दाबून धरावा व सायकल पुढे ढकलावी. मागचा ब्रेक लागला असेल तर मागचे चाक फरफटते. पुढचा लागला असेल तर सायकल मागून उचलली जाते. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचा ब्रेक अजिबात काढून टाकणे धोक्याचे, हे येथेच डोळ्यांनी दिसते. ही परीक्षा उतरल्यावरच सपाट अंगणात स्वारी. एका वेळी एकाच ब्रेकात बदल करावा. दुसरा शाबूत हवा.

चुन्याची रेघ ओढावी. रेघेआधीचे दहा मीटर चार सेकंदांत कापले की वेग ताशी नऊ किलोमीटर होतो. रेघेवर ब्रेक दाबावा आणि सायकल कोठे थांबली ते टेपने मोजावे. एका मोजणीवर विसंबू नये. पाच वेळा मोजून आकडे फळ्यावर लिहावेत. तेच दहा मीटर दोन सेकंदांत कापले तर वेग दुप्पट होतो, आणि ब्रेकचा जोर तोच असता थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. हा दुसरा वेग मात्र शाबूत ब्रेकच्या सायकलीवर, आणि तोही शिक्षकाने स्वतः घ्यावा. नंतर दोन्ही काठांवर तांब्याभर पाणी ओतून पहिल्याच वेगाने पुन्हा मोजावे. ओल्या लोखंडावर रबर कसे घसरते ते आकड्यांतूनच कळते, आणि पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर काय घडू शकते ते निराळे सांगावे लागत नाही.

ज्याच्या ब्रेकने मोजणीत दगा दिला त्या मुलास दोष देऊ नये. बसवलेला तुकडा काढून कोणत्या बाजूने झिजला ते सर्वांना दाखवावे, आणि सायकल त्या दिवशी हातात धरून घरी पाठवावी.