कॅमेऱ्याच्या कड्यावरील आकडे



शाळा मी लवकर सोडली. पुढे जे शिकलो ते गरजेपोटी. कॅमेऱ्याच्या भिंगावरील आकडेही असेच एका भांडणातून शिकलो.

काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका यंत्रमाग कारखान्यात मागाच्या पट्ट्याला जाळी नव्हती. एका कामगाराचा हात थोडक्यात वाचला. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त ठेवायला सांगत होते. पुरावा हवा, म्हणून आम्ही कॅमेरा उसना आणला. भिंग ५० मिलिमीटरचे, सर्वांत लहान आकडा १.४. रात्रपाळीचा उजेड मंद. म्हणून कडे १.४ वर ठेवून फोटो काढला. कामगाराचा चेहरा स्वच्छ आला, मागचा पट्टा मात्र धुक्यात! मालकपक्षाने विचारले, "यात पट्टा कुठे दिसतो?" आम्ही निरुत्तर झालो.

मग आकड्यांचा अर्थ शोधला. भिंगाच्या ५० मिलिमीटरना छिद्राच्या रुंदीने भागले की हा आकडा मिळतो. २ ला छिद्र २५ मिलिमीटर, १.४ ला सुमारे ३६. आकडा लहान, तर छिद्र मोठे.

पण १.४, २, २.८, ४, ५.६, ८ असा वाकडा क्रम का? आपली भाकरी आठवा. जाडी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर पीठ चौपट लागते. पीठ दुप्पट हवे, तर रुंदी सुमारे १.४ पटच वाढवायची. छिद्राचेही तसेच; दर पायरीला उजेड निम्मा होतो. १.४ आणि २ यांत अंतर ०.६, तर ११ आणि १६ यांत ५. पायरी मात्र एकच. म्हणून मोठ्या छिद्राच्या भिंगावर लहानशा फरकालाही मोल असते. १.८ वर २ पेक्षा जवळजवळ सव्वापट उजेड येतो.

मात्र छिद्र जितके मोठे, तितके जवळचे आणि लांबचे एकदम स्पष्ट येत नाही. आमची चूक तिथेच होती. १.४ पासून ८ पर्यंत पाच पायऱ्या. उजेड बत्तिसावा हिस्सा. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाऐवजी सुमारे अर्धा सेकंद हवा. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. दुसऱ्या खेपेस पाळी बदलताना माग थांबलेला असता, कॅमेरा सुताच्या खोक्यावर टेकवून ८ वर फोटो घेतला. माग, पट्टा, उघडी पुली, सारे दिसले. पुढे जाळी बसली.