सुतारीण कशी ओळखावी?



आमच्या दादरच्या गॅलरीत दाणे टाकले की चिमण्या येतात. गळ्याखाली काळा डाग तो नर, साधी भुरी ती मादी. सुतार पक्षी मात्र दाण्याला येत नाही. त्याला मुंग्या व सालीतले किडे हवेत. तो समोरच्या आंब्यावरच पाहावा.

पिवळीधमक पाठ असलेला तो सोनपाठी सुतार. जोडीत जिने लालभडक मळवट भरला आहे ती मादी, असे मी कितीतरी दिवस समजत होते. मुलाने सलीम अलींचे पुस्तक दाखवले, तेव्हा उलटेच निघाले! हे सलीम अली आपल्या गिरगावच्या खेतवाडीत वाढलेले. पुस्तक प्रथम १९४१ साली निघाले. कपाळापासून तुऱ्यापर्यंत डोके लाल, तो नर. मादीचा मागचा तुराच लाल. पुढे काळ्यावर पांढरे ठिपके, जणू खडीची चंद्रकळा.

हा फरक डोक्यावरच, कामात नाही. ढोली दोघे कोरतात, अंडी दोघे उबवतात, पिलांना दोघे भरवतात.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी आम्हीच आग्रह धरून एक वाळकी फांदी तोडवली. तिच्यात ढोली होती. दोन दिवस ती चंद्रकळावाली त्या खोडाभोवती फिरत राहिली. मला जेवण गोड लागले नाही.

फांदी धोक्याची असेल तर तोडावीच. पण आधी दोन दिवस खालून पाहावे, कोणी आतबाहेर करते का. इतके आपल्या मंडळाने करावे, एवढे सांगून मी बसते.