गाडी घेण्यापूर्वी वही उघडा

(राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या निमित्ताने कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांना ‘हायब्रिड’ हा शब्द मोटारीमुळे नव्हे, तर ज्वारीमुळे ठाऊक झाला. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले आणि काही वर्षांतच गावोगावी ‘हायब्रिड’ पिकू लागली. पीक भरघोस आले. पण भाकरीला पूर्वीची चव राहिली नाही, कडबा आखूड निघाला आणि उशिराच्या पावसात सापडलेली कणसे काळी पडू लागली. म्हणून ती ज्वारी वाईट होती, असे मी म्हणणार नाही. अन्नटंचाईच्या काळात तिने पोटे भरली. मात्र पोती मोजणाऱ्यांनी भाकरी आणि कडबा मोजला नव्हता, एवढे खरे.

आज तोच शब्द मोटारीच्या पाठीवर चमकदार अक्षरांत आला आहे. सोबत इथेनॉल, सीएनजी, वीज असे पर्यायही आले आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल मोठी खरेदी मोटारीची असते. ती करताना आपण केवळ पोती मोजणार, की कडबाही मोजणार, हा आजचा प्रश्न आहे.

एका जुवाखालचे दोन बैल

हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन साधने असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर एका जुवाखाली दोन बैल. गाडी जागेवरून हलताना, गर्दीत रेंगाळताना विजेची मोटर ओढते. वेग घेतला की इंजिन ओढते. चढावर दोघेही खांदा देतात. ब्रेक लावताना साध्या गाडीत जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातील काही भाग येथे वीज होऊन बॅटरीत परत येतो. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाने ‘प्रियस’ बाजारात आणली, तेव्हापासून हे तंत्र सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागले. अशा गाडीला घरी वायर लावून चार्जिंग करावे लागत नाही. ती आपली वीज आपणच तयार करते.

परंतु येथेच पहिला खड्डा आहे. ‘स्ट्राँग हायब्रिड’मध्ये दोन्ही बैल खरोखर ओढतात. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये मात्र एका बाजूला धष्टपुष्ट बैल असतो आणि दुसऱ्या बाजूला कोवळे खोंड बांधलेले असते. ते सिग्नलला थांबलेले इंजिन पुन्हा चालू करते, थोडा हातभार लावते. पण एकटे गाडी ओढू शकत नाही. माझ्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी ‘हायब्रिड’ हे अक्षर पाहून मोटार घेतली. वर्षभराने हिशेब मांडला, तर पूर्वीच्या गाडीपेक्षा फरक अगदीच किरकोळ. विक्रेता खोटे बोलला नव्हता. भावाने ‘कोणती हायब्रिड?’ हा प्रश्न विचारला नव्हता आणि विक्रेत्याने आपणहून सांगितले नव्हते. ही गाडी केवळ विजेवर चालू शकते काय, हा एक प्रश्न विचारला असता, तरी उलगडा झाला असता.

दुसरी गोष्ट रस्त्याची. महाद्वार रोड, बिंदू चौक, कावळा नाका असा थांबत-थांबत होणारा प्रवास हा हायब्रिडचा खरा आखाडा आहे. पुण्याच्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे तिचा लाभ कमी होतो. आंबा घाट उतरताना बॅटरी भरते खरी, पण आपल्याकडे मिळणाऱ्या काही हायब्रिड मोटारींची बॅटरी एक युनिटाहूनही कमी विजेची असते. ती लवकर भरते आणि उरलेला उतार वाया जातो.

आता हिशेब पाहू. सोपे जावे म्हणून पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू. साधी गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि हायब्रिड २२ किलोमीटर जाते असे समजू. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाचे सुमारे २१ हजार रुपये वाचतील. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचे अंतर असेल, तर ते भरून निघायला चौदा वर्षे लागतील. तेच वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्याचे अंतर सहा वर्षांच्या आत भरून निघेल. गाडी तीच, कंपनी तीच; निर्णय मात्र निरनिराळा. म्हणून म्हणतो, शोरूमची पायरी चढण्यापूर्वी घरची वही उघडा.

उसाच्या शेतातून टाकीपर्यंत

इथेनॉलचा विषय कोल्हापूरकरांना परका नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात २००१ साली तीन ठिकाणी झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते, मनमाड आणि आपल्या शेजारचे मिरज. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे दशकभर तो रखडला. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०२२ च्या जूनमध्ये ते दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. आपला देश गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून आणतो. तेथे जाणाऱ्या परकीय चलनाचा काही हिस्सा आपल्या शेतकऱ्याच्या दारी वळावा, याचे मोल कोणत्याही देशप्रेमी माणसाला वेगळे सांगायला नको. साखरेचे भाव पडले तरी कारखान्याला उत्पन्नाचा दुसरा मार्ग राहिला आणि उसाचे बिल वेळेवर मिळण्याला त्याचा आधार झाला.

माझ्या कुटुंबाचा ऊस कारखान्याला जातो आणि माझ्या दारात पेट्रोलची गाडी उभी आहे. दोन्ही बाजूंचा लाभार्थी आणि दोन्ही बाजूंचा ग्राहक या नात्याने मला दोन कटू गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट मायलेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे जवळपास सात टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हेच आहे: जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी, दुचाकींचे तीन ते चार टक्क्यांनी घटेल, वीस टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट एक ते दोन टक्केच राहील. वरच्या उदाहरणातील कुटुंबाची गाडी जुनी असेल, तर त्याला वर्षाला सुमारे चार ते पाच हजार रुपये अधिक मोजावे लागतील. इथेनॉल स्वस्त, मग पेट्रोल स्वस्त का होत नाही, असेही विचारले जाते. तेल कंपन्यांना इथेनॉलची खरेदी पेट्रोलच्या उत्पादनखर्चापेक्षा महाग पडते, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. धोरण कायम आहे. परंतु ग्राहकाचा जाणून घेण्याचा हक्कही कायम आहे. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. तो बजावायचा कसा? एप्रिल २०२३ नंतरची गाडी सामान्यतः या मिश्रणाला अनुकूल साहित्याची असते. त्यापूर्वीची असेल तर माहितीपुस्तिका काढा, कंपनीला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. सर्व्हिसिंगच्या वेळी रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासून घ्या. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. आपल्या चार महिन्यांच्या पावसात अर्धवट टाकीची गाडी तशीच उभी ठेवू नका.

दुसरी कटू गोष्ट पाण्याची. त्याच आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, म्हणून आपल्याला पाण्याची ददात नाही. परंतु मराठवाड्याचा शेतकरी कोल्हापूरच्या शेतकऱ्याची नक्कल करू लागला, तर तेलाची आयात वाचवताना आपण भूजल खर्ची घालू. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राला निर्बंध आणावे लागले, ते पुढच्या वर्षी उठले. निसर्गाने हात आखडता घेतला की टाकी आणि ताट यांत स्पर्धा होते, हा त्याचा धडा.

विजेची गाडी आणि उद्यमनगर

विजेची मोटार चालवायला सर्वांत स्वस्त आहे, हे निर्विवाद. ज्याचे स्वतःचे अंगण आहे, घरी चार्जिंगची सोय आहे आणि रोजची फेरी ठरलेली आहे, त्याने तिचा विचार जरूर करावा. अपार्टमेंटमध्ये ज्याला पार्किंगची जागाच नक्की नाही, त्याने आधी सोसायटीची लेखी संमती मिळवावी आणि मग गाडी पाहावी. सीएनजी घेणाऱ्याने डिकीतील जागा, पंपावरील रांग आणि दर तीन वर्षांनी करावयाची सिलिंडरची चाचणी हिशेबात धरावी.

विजेच्या गाडीत तेल लागत नाही म्हणून ती आपोआप स्वदेशी ठरत नाही. तिच्या बॅटरीचे सेल आजही मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. दुसरीकडे, शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील भट्ट्यांत इंजिनासाठी लागणाऱ्या ओतीव भागांवर कित्येक घरांच्या चुली पेटतात. विजेच्या गाडीत इंजिनच नसते. हायब्रिडमध्ये ते असते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते इनोव्हा गाडीचा जो नमुना सादर झाला, तो हायब्रिड असून इथेनॉलवरही चालणारा होता. ऊस पिकवणाऱ्या आणि लोखंड ओतणाऱ्या या जिल्ह्याने त्या वाटेकडे लक्ष ठेवावे, हे स्वाभाविक आहे. तरीही केवळ उद्यमनगरासाठी ग्राहकाने तोट्याची गाडी घ्यावी, असे मी सांगणार नाही. काळ बदलतो आहे हे ओळखून उद्यमनगरानेच विजेच्या गाड्यांचे सुटे भाग करण्याची तयारी आज सुरू करावी, हे अधिक हिताचे.

ग्राहक जागा तर बाजार सरळ

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा तूरडाळ आणि खोबरेल तेल हे विषय होते. आज बॅटरी आणि इथेनॉल आहेत. विषय बदलला, तरी काम तेच आहे: विचारणे, मोजणे आणि लिहून ठेवणे.

आजपासून एक साधी गोष्ट करू या. गाडीत एक वही ठेवू. टाकी पूर्ण भरली की तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहू. पुढच्या खेपेला पुन्हा टाकी पूर्ण भरून तेच करू. सहा महिन्यांत आपल्याला आपलीच गाडी कळेल. अशा शंभर घरांच्या शंभर वह्या एकत्र आल्या, तर कंपनीला आणि शासनाला पुराव्यानिशी प्रश्न विचारता येतील. पुरावा नसलेली तक्रार कुरकुर ठरते आणि हिशेब नसलेला अभिमान घोषणाच राहतो.

देशाचे तेल वाचावे, शेतकऱ्याच्या हाती पैसा यावा, हवा स्वच्छ राहावी आणि घरचा संसारही सुरळीत चालावा, या चारही गोष्टी आपल्याला हव्या आहेत. त्या एकमेकींना कोठे साहाय्य करतात आणि कोठे अडवतात, हे त्या वहीतच दिसेल. आजीने पोत्याबरोबर कडबा पाहिला होता. आपणही पाहू या.